आइस्क्रीमच्या डब्यात काय असतं: फॅट, एसएनएफ, साखर आणि बरीचशी हवा

सांगली-साताऱ्याच्या पट्ट्यात दुधाचा हिशेब कुणाला शिकवावा लागत नाही. पलूस, वाळवा, कराड, कोरेगाव, कुठल्याही भागात सकाळी डेअरीवर किटली घेऊन उभ्या असलेल्या माणसाला विचारा. गाईच्या दुधाला फॅट ३.५ आणि एसएनएफ (सॉलिड्स नॉट फॅट, म्हणजे फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) ८.५ लागला की ठरलेला दर, एखाद्या पॉइंटनं खाली आलं की दरही खाली, म्हशीची फॅट ६ च्या वर गेली की दिवस चांगला. हे सगळं त्याला तोंडपाठ असतं. तोच माणूस रात्री जेवण झाल्यावर सांगलीच्या विश्रामबागेतल्या दुकानातून आइस्क्रीमचा फॅमिली पॅक घेतो तेव्हा मात्र फ्लेवर बघतो, एमआरपी बघतो आणि एकावर एक फुकट आहे का ते विचारतो. डब्यामागचं बारीक अक्षरातलं कोष्टक तसंच राहून जातं.

गंमत म्हणजे ते कोष्टक वाचायला लागणारी निम्मी विद्या त्याच्याकडे आधीपासूनच आहे. आइस्क्रीम म्हणजे दुधाची फॅट, दुधाचा एसएनएफ, साखर, पाणी आणि हवा. फॅट आणि एसएनएफ आपल्या गोठ्यातले, साखर आपल्याच कारखान्यांतली. घोळ होतो तो हवेपाशी. तेवढा घोळ सुटला की बाकीचे आकडे वाचायला फारसा त्रास पडत नाही.

३६ चा हिशेब

आधी कायदा काय म्हणतो ते बघू. देशाचं अन्न सुरक्षा प्राधिकरण, म्हणजे एफएसएसएआय, सांगतं की डब्यावर नुसतं ‘आइस्क्रीम’ असं नाव लावायचं असेल तर आतल्या मालात दुधाची फॅट कमीत कमी १० टक्के हवी, दुधाची प्रथिनं कमीत कमी ३.५ टक्के हवीत आणि पाणी वगळून जे काही उरतं ते सगळं मिळून किमान ३६ टक्के भरलं पाहिजे.

हा ३६ चा आकडा कारखान्यात साधारण असा जुळवतात: फॅट १०, एसएनएफ ११, साखर १४ ते १५ आणि पाव-अर्धा टक्का घट्टपणा आणणारे पदार्थ. उरलेलं ६४ टक्के पाणी. कंपनी बदलली की एखाद-दुसरा टक्का इकडचा तिकडे होतो, पण नेहमीच्या व्हॅनिलाचा सांगाडा हाच.

यातला एसएनएफ ११ वाचून डेअरीवाल्याची भुवई वर जाईल, कारण म्हशीच्या दुधालासुद्धा तो ९ च्या आसपासच लागतो. मग ११ कसा आणायचा? एक तर दूध आटवायचं, नाही तर दूध पावडर घालायची. मोठ्या कारखान्यात सर्रास पावडर आणि लोणी किंवा क्रीम वापरतात. घटकांच्या यादीत ‘मिल्क सॉलिड्स’ असं लिहिलेलं असतं ते हेच. पावडर म्हटलं की आपण लगेच नाक मुरडतो, पण स्किम्ड मिल्क पावडर म्हणजे फॅट आणि पाणी काढून घेतलेलं दूधच. तिच्यात फसवणूक काही नाही.

एसएनएफमध्ये पोषण म्हणून काय येतं? ११ ग्रॅम धरले तर त्यातले साधारण ६ ग्रॅम दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज. सुमारे ४ ग्रॅम प्रथिनं. उरलेला एक ग्रॅम कॅल्शियमसारखे क्षार. आता १०० ग्रॅम आइस्क्रीमच्या कॅलरी बोटांवर मोजता येतील. फॅटच्या एका ग्रॅमला ९, साखरेच्या आणि प्रथिनांच्या एका ग्रॅमला प्रत्येकी ४ किलोकॅलरी. फॅटचे ९०, दोन्ही साखरा मिळून २१ ग्रॅमचे ८४, प्रथिनांचे १६. बेरीज १९०. बाजारातल्या साध्या व्हॅनिलाच्या कोष्टकात १०० ग्रॅमला १९० ते २१० च्या दरम्यानचा आकडा का दिसतो, ते यावरून कळावं. ड्रायफ्रूट, चॉकलेट, कॅरॅमल असं काही आलं की तो वर चढतो.

माप मिलीचं, कोष्टक ग्रॅमचं

आता हवा. डब्यावर मोठ्या अक्षरात लिहिलेलं असतं १ लिटर, ७०० मिली, कपावर १०० मिली. मागच्या कोष्टकात मात्र बहुतेक वेळा ‘प्रति १०० ग्रॅम’ असतं. बघणारा मनातल्या मनात दोन्ही एकच धरतो आणि हिशेब तिथेच चुकतो.

मशीनमध्ये घातलेलं मिश्रण चांगलंच जड असतं, लिटरला १ किलो १०० ग्रॅमच्या आसपास. ते गोठवत असताना आतली पाती त्याला सतत घुसळतात आणि त्यात हवा कोंडतात. सूक्ष्म बुडबुड्यांच्या रूपात ती तिथेच अडकून बसते. कायद्यानं तळाची मर्यादा घातली आहे: एक लिटर आइस्क्रीमचं वजन ५२५ ग्रॅमच्या खाली जाता कामा नये. म्हणजे १ किलो १०० ग्रॅमचं मिश्रण फुगवून दोन लिटरच्या थोडं पुढे नेलं तरी ते नियमात बसतं. अशा डब्यात आकारमानानं निम्म्याहून थोडी जास्त हवाच असते.

सांगलीसारख्या भडंगाच्या, म्हणजे मसालेदार चुरमुऱ्यांच्या, गावात हे समजावणं सोपं आहे. एका मापट्यानं तांदूळ भरा, त्याच मापट्यानं चुरमुरे भरा आणि दोन्ही काट्यावर ठेवा.

याला लगेच लूट म्हणू नका. हवा अजिबात नसेल तर आइस्क्रीमचा दगड होईल. चमचा आत जाणार नाही, जिभेला गारठा सोसवणार नाही. मऊपणा येतो तो हवेमुळेच. तक्रार करायचीच तर वेगळी करावी लागेल: दोन कंपन्यांचे दोन लिटरचे डबे शेजारी ठेवले, एकाचं वजन ११०० ग्रॅम आणि दुसऱ्याचं १३०० ग्रॅम असलं, तरी दुकानात दोन्हींवर ‘२ लिटर’ हेच ठळक दिसतं. काही डब्यांवर वजनही छापलेलं असतं, ते शोधा. नसलं तर किराणा दुकानातल्या काट्यावर कप ठेवून बघा आणि खाऊन झाल्यावर रिकाम्या कपाचं वजन त्यातून वजा करा. स्वस्त कोणता आणि महाग कोणता याबद्दलचं मत त्यानंतर बदलण्याची बरीच शक्यता आहे.

पोषणाच्या बाजूनं मात्र हवा आपल्या भल्याची. १०० मिलीचा कप म्हणजे १०० ग्रॅम नव्हे, हलक्या आइस्क्रीमचे ५३-५५ ग्रॅम. कॅलरी १९० च्या जागी शंभरेक. ‘एका कपात २०० कॅलरी’ असं जे सांगितलं जातं ते बहुतेकदा या घोळातूनच आलेलं असतं. उलट दाट, महागडं, कमी हवेचं आइस्क्रीम तेवढ्याच कपात ७०-८० ग्रॅम बसतं आणि त्यात बऱ्याचदा फॅटही १० च्या वर असते. चव मस्त. कॅलरी जवळजवळ दीडपट किंवा जास्त.

कुल्फी तर याच्याही पुढची. ती घुसळतच नाहीत, दूध आटवून साच्यात घालतात आणि गोठवतात. त्यामुळे तिच्यात हवा जवळपास नसतेच आणि मिलीचा आकडा आणि ग्रॅमचा आकडा जवळजवळ सारखा येतो. काडीवरची कुल्फी दिसायला इवलीशी असते, म्हणून ‘एवढ्यानं काय होतंय’ म्हणत आपण दुसरी घेतो. आटवलेल्या दुधामुळे तिच्यात प्रथिनं आणि कॅल्शियम जास्त असतात हे खरं. फॅट आणि साखरही त्याच हिशेबात जास्त. हातानं फिरवलेल्या पॉट आइस्क्रीमचंही तसंच. हातानं मशीनइतकी हवा कोंडता येत नाही, म्हणून ते वजनाला भारी.

‘दूध पीत नाही, मग आइस्क्रीम तरी खाऊ दे’

हे वाक्य घरोघरी ऐकू येतं. आजी म्हणते, वहिनी म्हणते, कधी कधी बापही म्हणतो. पोटात दूधच जातंय ना, असा त्यामागचा विचार. तो कितपत बरोबर आहे ते आकड्यांत बघू.

गाईच्या दुधाचा २०० मिलीचा पेला घ्या. त्यात साधारण साडेसहा ग्रॅम प्रथिनं आणि २४० मिलिग्रॅम कॅल्शियम. साखर घातली नाही तर वरची साखर शून्य. आता हलक्या आइस्क्रीमचा १०० मिलीचा एक कप. प्रथिनं २ ग्रॅम, कॅल्शियम ७० मिलिग्रॅमच्या आसपास, वरून घातलेली साखर ८ ग्रॅम. पेल्याइतकी प्रथिनं मिळवायला पोराला तीनहून जास्त कप खायला लागतील आणि त्याबरोबर पाच-सहा चमचे साखर पोटात जाईल. आइस्क्रीममध्ये दूध आहे, त्यात वाद नाही. पण दुधाची जागा ते भरून काढत नाही. ‘खाऊ’ म्हणून द्या, ‘दूध’ म्हणून नको.

साखर इतकी का लागते, याला दोन कारणं आहेत आणि दोन्ही मजेदार आहेत. पहिलं जिभेचं. थंड पदार्थाचा गोडवा जिभेला कमी जाणवतो. वितळून कोमट झालेलं आइस्क्रीम चाखून बघा, नको इतकं गोड लागतं. गारठ्यातही गोड लागावं म्हणून साखर चढवावी लागते. दुसरं कारण पाण्याचं. साखर विरघळलेलं पाणी शून्य अंशाला गोठत नाही, त्याला आणखी गारठा लागतो. त्यामुळे उणे १८ च्या डीप फ्रीझरमध्येसुद्धा आइस्क्रीममधलं थोडं पाणी न गोठता राहतं आणि चमचा आत शिरतो. साखर निम्मी केली तर गोडी कमी होईलच, शिवाय वीट तयार होईल. बऱ्याच डब्यांच्या यादीत साखरेच्या जोडीला लिक्विड ग्लुकोज किंवा माल्टोडेक्स्ट्रिन दिसतं. गोठणं आणि दाटपणा हवा तसा राखायला ते घालतात. नावं वेगळी असली तरी तुमच्या रक्तातल्या साखरेला त्यातला फरक फारसा कळत नाही.

कोष्टकात साखरेच्या दोन ओळी असतात. ‘टोटल शुगर’ मध्ये दुधातलं लॅक्टोज धरलेलं असतं. ‘अ‍ॅडेड शुगर’ म्हणजे कारखान्यात वरून घातलेली. बघायची ती दुसरी. आणि तिच्या शेजारच्या टक्क्यांबद्दल एक गोष्ट फारसं कुणी सांगत नाही. लेबलच्या नियमांत दिवसाला २००० किलोकॅलरीचा आहार धरून हे टक्के काढतात आणि त्यासाठी एकूण फॅट ६७ ग्रॅम, संपृक्त (सॅच्युरेटेड) फॅट २२ ग्रॅम आणि वरची साखर ५० ग्रॅम अशी मापं घेतली आहेत. पण हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ साली आहाराबद्दल ज्या सूचना काढल्या त्यात साखर दिवसाला २० ते २५ ग्रॅमपर्यंतच ठेवा असं म्हटलंय.

घरातल्या चौघांनी एक लिटरचा डबा संपवला असं धरा. घरटी हे होतंच, कारण उरलेलं फ्रीजरमध्ये ठेवायला जागा नसते आणि लाइटचा भरवसा नसतो. प्रत्येकाच्या वाट्याला सुमारे १३० ग्रॅम. त्यात अडीचशे किलोकॅलरी, १३ ग्रॅम फॅट आणि वरची साखर १९-२० ग्रॅम. लेबलच्या पट्टीनं ही साखर दिवसाच्या ४० टक्के दिसते. पोषण संस्थेच्या पट्टीनं दिवसाचा कोटा जवळपास संपला. सकाळचा आणि चारचा साखरेचा चहा यात धरलेला नाही. शिवाय ही मापं धडधाकट मोठ्या माणसाची आहेत, पहिलीतल्या पोराची नव्हेत.

मधुमेह असलेल्या मंडळींना कोणीतरी सांगितलेलं असतं की आइस्क्रीमनं साखर एकदम चढत नाही. त्यात थोडं तथ्य आहे. फॅटमुळे पोट सावकाश रिकामं होतं आणि तीच साखर सरबतातून जितक्या झपाट्यानं रक्तात उतरते तितकी यातून उतरत नाही. पण सावकाश का होईना, उतरते सगळीच. मिरजेच्या डॉक्टरांनी दिलेल्या कागदावर आइस्क्रीमवर काट मारलेली असेल तर त्या काटेचा मान राखावा.

आणखी एक तर्क कॉलेजच्या मुलांकडून ऐकायला मिळतो. आइस्क्रीम थंड असतं, ते गरम करायला शरीर कॅलरी जाळतं, मग हिशेब बरोबरीत सुटतो. भौतिकशास्त्र चूक नाही, आकडा चूक आहे. १०० ग्रॅम आइस्क्रीम वितळवून शरीराच्या तापमानाला आणायला ८-१० किलोकॅलरी लागतात. आत गेल्या १९०.

‘फ्रोजन डेझर्ट’ची भांडणं

दुकानातल्या डीप फ्रीझरमध्ये एकाच रंगाचे, एकाच आकाराचे डबे असतात आणि त्यातल्या काहींवर बारीक अक्षरात ‘फ्रोजन डेझर्ट’ लिहिलेलं असतं. घटक आणि वजनाचे नियम आइस्क्रीमसारखेच: घन पदार्थ ३६ टक्के, फॅट किमान १० टक्के, लिटरला किमान ५२५ ग्रॅम. फरक फॅटच्या उगमात. इथे दुधाच्या फॅटऐवजी, किंवा तिच्या जोडीला, वनस्पती तेल किंवा फॅट चालते. सहसा पाम किंवा खोबरेल. ती ३७ अंशांच्या आत वितळणारी असावी असंही बंधन आहे, नाही तर ती तोंडात वितळणार नाही आणि टाळूला मेणासारखा थर बसेल. कोणती फॅट घातली ते पॅकवर सांगणंही सक्तीचं आहे.

यावरून २०१७ साली मोठा वाद झाला होता. अमूलनं जाहिरातीत दुधाचं आइस्क्रीम आणि वनस्पतीचं फ्रोजन डेझर्ट असा सामना रंगवला. क्वालिटी वॉल्स विकणारी हिंदुस्थान युनिलिव्हर मुंबई उच्च न्यायालयात गेली आणि न्यायालयानं त्या जाहिराती दाखवायला मनाई केली. तेव्हापासून ‘फ्रोजन डेझर्ट म्हणजे डालडा’ हे वाक्य व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत राहिलंय.

डालडा म्हणजे हायड्रोजन मिसळून घट्ट केलेलं तेल आणि त्याची बदनामी झाली ती ट्रान्स फॅटमुळे. आज ट्रान्स फॅटवर २ टक्क्यांची मर्यादा आहे, १ जानेवारी २०२२ पासून. पाम आणि खोबरेल जात्याच घट्ट असतात, त्यांना हायड्रोजन लागत नाही. उलट, दुधाच्या आइस्क्रीमच्या कोष्टकात ट्रान्स फॅट ०.२-०.३ ग्रॅम दिसली तर घाबरू नका. गाई-म्हशींच्या पोटातच ती थोडी तयार होते आणि दुधात उतरते. तुपातही असते.

मग तब्येतीला बरं कोणतं? १० ग्रॅम दुधाच्या फॅटमध्ये साधारण साडेसहा ग्रॅम संपृक्त, शिवाय थोडं कोलेस्टेरॉल. तेवढ्याच पाम तेलात संपृक्त ५ ग्रॅम, कोलेस्टेरॉल नाही. तेवढ्याच खोबरेलात संपृक्त ९ ग्रॅमच्या घरात. म्हणजे ‘दुधाचं ते चांगलं, तेलाचं ते वाईट’ असा सरळ निकाल कोष्टकातून निघत नाही. कॅलरी सारख्याच, साखर सारखीच, प्रथिनंही साधारण तेवढीच, कारण एसएनएफ दोन्हींत सहसा दुधाचाच असतो. हा शेवटचा भाग महत्त्वाचा. ज्यांना दूध पचत नाही ते ‘हे दुधाचं नाहीये’ म्हणून फ्रोजन डेझर्ट घेतात आणि रात्री पोट धरून बसतात, कारण लॅक्टोज त्यातही असतं.

माझी तक्रार तब्येतीपेक्षा पैशाची आणि आपल्या शेतकऱ्याची आहे. दुधाची फॅट महाग, पाम तेल स्वस्त. आमच्या भागातला माणूस फॅटच्या एका पॉइंटसाठी वैरण, पेंड आणि पहाटेची झोप घालवतो. त्याच्याच पोराला तेलाचा माल आइस्क्रीम समजून आइस्क्रीमच्या भावात घ्यायला लागू नये. नाव ठळक असावं, इतकंच. स्वस्त असेल आणि माहीत असून घेतलं तर खुशाल खावं.

चोकोबारचं मात्र वेगळं. आइस्क्रीमवर चढवलेलं आवरण किंवा खालचा बिस्किटाचा थर हा आइस्क्रीमच्या नियमांत मोजत नाहीत, फक्त आतला भाग मोजतात. त्यामुळे आतून अस्सल दुधाचं आणि बाहेरचं तपकिरी कवच वनस्पती फॅटचं, असं सर्रास असतं. ते कवच दिसायला पातळ असलं तरी फॅट आणि साखर त्यात ठासून भरलेली असते. कोनाच्या तळाशी शेवटचा घास म्हणून चॉकलेटची गोळी लागते ना, तीही त्यातलीच.

आयएनएस नंबर

यादीच्या शेवटी ४१२, ४१०, ४०७, ४६६, ४७१ असे आकडे दिसतात. हे आयएनएस नंबर, म्हणजे अन्नात घालायच्या पूरक पदार्थांना दिलेले आंतरराष्ट्रीय क्रमांक, आणि लोक त्यांनाच जास्त भितात. ४१२ म्हणजे गवार गम, गवारीच्या बियांपासून काढलेला डिंक. आपल्या भाजीतल्या गवारीचाच. ४१० आणि ४०७ हेही वनस्पतीतून आणि समुद्री शेवाळातून येतात. ४७१ फॅट आणि पाण्याची मोट बांधतो. सगळे मिळून अर्ध्या टक्क्याच्या आसपास. ते नसतील तर दुकानापासून घरापर्यंतच्या एप्रिलच्या उन्हात आइस्क्रीम थोडं वितळून परत गोठेल आणि दाताखाली बर्फाचे खडे येतील. १५ टक्के साखरेकडे काणाडोळा करून अर्ध्या टक्क्याच्या डिंकाला घाबरणं मला तरी उलटं वाटतं.

रंगांचं मी एवढं सहज सोडणार नाही. पिस्त्याचा हिरवागार रंग पिस्त्यातून आलेला नसतो, तो सहसा १०२ आणि १३३ या दोन कृत्रिम रंगांचा. आंब्याच्या पिवळ्या-केशरीत १०२ किंवा ११० असू शकतो. मर्यादेत वापरायला आपल्याकडे परवानगी आहे. युरोपात मात्र १०२, ११०, १२२ अशा काही रंगांच्या पॅकवर २०१० पासून ‘मुलांच्या चंचलपणावर परिणाम होऊ शकतो’ अशा अर्थाची सूचना छापावी लागते. महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी आपल्याच पट्ट्यात पिकते, तरी बहुतेक गुलाबी कपांत तिचा नुसता वास असतो. यादीत स्ट्रॉबेरीचा गर आणि त्याची टक्केवारी दिसली तर फळ आहे, नुसतं ‘फ्लेवर’ दिसलं तर वास आहे.

शुगर-फ्री, लो-फॅट आणि घरचं

लो-फॅट म्हणजे कायद्यानं फॅट २.५ टक्क्यांच्या आत. त्याच्या आणि १० च्या मधलं ते मीडियम फॅट. फॅट काढल्यावर तोंडातला मऊपणा जातो, तो परत आणायला माल्टोडेक्स्ट्रिन किंवा जास्तीची साखर येते, त्यामुळे कॅलरी निम्म्या होतील अशी आशा धरू नये.

शुगर-फ्रीमध्ये साखरेऐवजी माल्टिटॉल, सॉर्बिटॉल यांसारखे पदार्थ आणि थोडं सुक्रालोज असतं. माल्टिटॉलच्या एका ग्रॅमला २ च्या आसपास किलोकॅलरी, म्हणजे शून्य नव्हे. लॅक्टोज तसंच, फॅट तशीच, कधी थोडी जास्तच. आणि हे पदार्थ आतड्यात पूर्ण शोषले जात नाहीत, म्हणून पॅकवर ‘जुलाब होऊ शकतात’ अशा अर्थाची ओळ असते. लग्नकार्यात ‘काकांसाठी शुगर-फ्री आणलंय’ म्हणत काकांना तीन स्कूप वाढणाऱ्यांनी ती ओळ आधी वाचावी.

राहिलं घरचं. उन्हाळ्यात हापूस आला की घराघरात कंडेन्स्ड मिल्कचा डबा, फ्रेश क्रीमची पाकिटं आणि मिक्सर निघतो. घरचं म्हणजे हलकं, असं समजून. ४०० ग्रॅम गोड कंडेन्स्ड मिल्कमध्ये वरची साखरच दीडशे ग्रॅमच्या वर असते आणि फॅट ८ टक्क्यांच्या आसपास. ४०० मिली फ्रेश क्रीममध्ये २५ टक्के धरली तर १०० ग्रॅम फॅट. दोन्ही मिळून ८०० ग्रॅमच्या मिश्रणात फॅट १६ टक्के, साखर २० टक्के. आंब्याचा रस घालून ते थोडं खाली येतं, तरी विकतच्या फॅमिली पॅकपेक्षा जडच. मिक्सरमध्ये हवाही फारशी भरत नाही, म्हणजे वाटीत बसणारं वजन जास्त. रंग नाही, डिंक नाही आणि आंबा खरा, हे सगळे गुण कबूल. कॅलरीच्या बाबतीत मात्र त्याची एक वाटी विकतच्या दोन वाट्यांना भारी पडते.